पस्तीस किलोंची हजेरी

डॉ. वामन काळबांडे सरांच्या कापूस वेचणीवरच्या शोधनिबंधाचा आधार २०११ सालापर्यंत चारशे बारा लोकांनी आपापल्या लेखनात घेतला होता. शिकल्यासवरल्या जगात याला सायटेशन म्हणतात. सर रोज सकाळी विभागात आल्या आल्या संगणकावर हा आकडा बघत. वाढलेला असला की त्या दिवशी शिपायालाही बसा म्हणत, आणि वाढलेला नसला की आमच्या प्रबंधातल्या चुका काढत. या चारशे बारांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की निबंधातला मुख्य आकडाच चुकलेला आहे. मला कळलं, कारण ती चूक मीच केली होती.

मी अमरीन, बार्शीटाकळीजवळच्या एका गावची. २००५ साली अमरावतीला अर्थशास्त्रात एम. ए. करत होते. ते दिवसच तसे होते. इकडे वऱ्हाडात शेतीची दैना सुरू होती आणि तिकडे अमरावतीत सेमिनारांना नुसता ऊत आला होता. दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या, विश्रामगृहं भरून जायची, आलेला प्रत्येक जण आकडे मागायचा. काळबांडे सर मजुरांचं अर्थशास्त्र शिकवायचे. "मालकावर सगळेच लिहून राहिले, मजुराकडे कोण बघते?" असं ते वर्गात म्हणाले, ते मला फार पटलं होतं. त्यांनी कापूस वेचणाऱ्या बायांवर काम घेतलं आणि मला त्यात घेतलं, तेव्हा मी आठवडाभर हवेत होते.

काम सोपं होतं. अकोला-अमरावतीची सहा गावं, प्रत्येक गावात चाळीस बाया, आणि एक बाई दिवसाला किती किलो कापूस वेचते ते फॉर्मवर लिहायचं. आम्ही सहा विद्यार्थी. राहण्या-जेवण्याचा खर्च वाचावा म्हणून सरांनी ज्याला त्याला आपापल्याच गावी पाठवलं, आणि कॉलेज बुडू नये म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पाठवलं. दोन्ही गोष्टी तेव्हा शहाणपणाच्या वाटल्या. दिवाळीत फक्त कॉलेजं बंद नसतात, गावातली शाळाही बंद असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे वेचणाऱ्या बाईच्या कमरेला कापडाची ओटी बांधलेली असते. ओटी भरली की ती धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाठोड्यात रिकामी करायची. दिवस कलला की मालक काटा लावतो, एकेकीचं गाठोडं चढवतो आणि नाव घेऊन वजन पुकारतो. सुट्टीत मुली आयांसोबत येतात. त्यांच्याही कमरेला ओटी असते, पण मुलीचं वेगळं गाठोडं नसतं. तिची ओटी आईच्या गाठोड्यात रिकामी होते. सतरा-अठराची होऊन मुलगी स्वतःच्या नावानं कामाला लागेपर्यंत असंच चालतं. काट्यावर पुकारा होतो, "हलीमाबी, एक्केचाळीस!" त्यातले एकवीस हलीमाबीचे आणि वीस तिच्या लेकींचे, असं कोणी म्हणत नाही.

हलीमाबी म्हणजे माझी अम्मी. सातव्या वर्षापासून मी तिच्या गाठोड्यात ओटी रिकामी करत आले. पण लहानपणी तू मजुरी केलीस का, असं मला कोणी विचारलं असतं तर मी चिडून नाही म्हटलं असतं. मजुरी अम्मी करायची, मी तिच्यासोबत जायचे. म्हणून फॉर्म भरताना माझा हात अडखळलाच नाही. नाव हलीमाबी, वजन एक्केचाळीस. नाव केशरबाई, वजन एकोणचाळीस. माझी धाकटी बहीण अरीबा तेव्हा आठ वर्षांची होती. ती माझ्या डोळ्यांसमोर बोंडं तोडत होती आणि मी तिला हाक मारून म्हणाले, "बाजूला सरक, मला अम्मीला सवाल विचारू दे." बाकीचे पाच जणही असल्याच घरांतले होते. त्यांनीही हेच केलं.

सहा गावांची सरासरी निघाली साडेसदतीस किलो. आधीच्या अभ्यासांत ती वीस-बावीस असायची. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. सरांना निबंध सुचला. नव्या बियाण्यामुळे बोंडं मोठी होतात, एकदम फुटतात, म्हणून बाईचा वेचणीचा वेग जवळजवळ दुप्पट झाला आहे, असं त्यांनी मांडलं. इंग्रजी झकास होतं, आलेख सुंदर होते. २००७ साली तो परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला आणि सरांचं नशीब उघडलं. बियाण्यांचे कैवारी त्याचा आधार घेऊ लागले. बियाण्यांचे विरोधकही घेऊ लागले, कारण मजुरांना एवढं राबवून घेतात हे त्यांना दाखवायचं होतं. सर प्रोफेसर झाले. निबंधाच्या शेवटी आभारात बारीक अक्षरात माझं नाव होतं. त्याची झेरॉक्स मी घरी नेली, तर अम्मीनं त्या कागदाचा मुका घेतला आणि तो कुराणाच्या फळीखाली, कपाटात ठेवला.

मग २०११चा जानेवारी. मी अमरावतीला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि सरांच्याच हाताखाली पीएच. डी. करत होते. प्रबंध जवळपास लिहून झाला होता. एका मंगळवारी काही कामानं अकोल्याला गेले आणि दुपारी घरी डोकावले. घराला कुलूप होतं. शेजारच्या पार्बताबाई म्हणाल्या, "उत्तमरावाच्या वावरात हायेत दोघी."

दोघी म्हणजे अम्मी आणि अरीबा. अरीबा नववीत होती. मधल्या बहिणींची शाळा सुटून लग्नं झाली होती; घरात माझ्यानंतर शाळेत टिकलेली ती एकटीच, आणि गणितात माझ्याहून हुशार. वावरात गेले तर कमरेला ओटी बांधून ती अम्मीच्या शेजारच्या ओळीत वाकलेली. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते.

"शाळा?" मी विचारलं.

"नाव हाये ना शाळेत," अरीबा मान वर न करता म्हणाली.

"अम्मी, हिला काहून आणलं?"

"मंग काय करू बेटा?" अम्मी कंबर धरून उभी राहिली. "पस्तीस किलो भरले तरच पुरी हजेरी. माह्या एकटीचे बावीस होते. जवानीत होते तरी पंचवीसच्या वर कधी गेले नाई. ह्या पोट्टीचे धरले तर कुठं पस्तीस होते."

पूर्वी असं नव्हतं. हंगाम लागायच्या आधी बाया आणि मालक बसून किलोचा भाव ठरवत. ओढाताण व्हायची, पण ठरायचा. यंदा ती बैठकच झाली नाही. उत्तमराव, ज्यांच्या वावरात अम्मी वीस वर्षं वेचत होती, ते मुळात वाईट माणूस नव्हते. मी विचारल्यावर त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला.

"हे मी नाई ठरवलं, बाई. सरकारी माप हाये. पस्तीस किलो म्हणजे एका बाईची एक हजेरी, पुऱ्या दिवसाची मजुरी. कमी भरलं त तेवढे पैसे कमी. मोठमोठ्या लोकायनं अभ्यास करून काढलं म्हणते. तुमी त शिकेल हा, तुमीच वाचा."

मी वाचलं. शासनाच्या एका समितीचं ते पत्रक होतं. साडेसदतीसमधून अडीच किलो दयाबुद्धीनं वजा करून त्यांनी पस्तीस केले होते. खाली आधार दिला होता. काळबांडे, २००७.

संध्याकाळी घरी अम्मीनं चूल पेटवता पेटवता विचारलं, "कोण आहे व तो, ज्यानं हे पस्तीस काढले? त्याच्या घरच्या बाईनं वेचले काय कधी?"

"माझे सर," मी म्हणाले. "आणि आकडे मी दिले, अम्मी. तुमच्याच काट्याचे. अरीबाचे आणि सगळ्या पोरींचे तुमच्या नावावर लिहिले मी."

अम्मीनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं. नंतर म्हणाली, "मंग तू सांग ना त्यायले. तुह्यं ऐकतीन. तुह्यं नाव हाये त्या कागदावर." तिचा माझ्यावर एवढा भरवसा होता की मला तिथं बसवेना.

समितीची बैठक पंधरा मार्चला होती. पुढच्या हंगामाचं माप त्यात ठरणार होतं. सरांनी तिथं एक पत्र पाठवलं असतं, की हा आकडा एका बाईचा नाही, दोघी-तिघींचा आहे, तर माप खाली आलं असतं आणि जूनमध्ये अरीबा दहावीच्या वर्गात बसली असती. एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी.नं मी अमरावती गाठली.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते मूर्ख नव्हते. दोन मिनिटांत त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"फॉर्म कोणी भरले होते?"

"मी, सर. आम्ही सगळ्यांनी."

"मग चूक कोणाची?"

"माझी. पण आता माहीत झालं आहे ना."

"अमरीन, एक लक्षात घे. चारशे बारा लोकांचं काम या आकड्यावर उभं आहे. मी उद्या उठून म्हणू, की माझ्या पोरांना मोजता आलं नाही? लोक म्हणतील, याचं बाकीचंही तपासा. आणि एवढ्या लोकांनी वाचलं, परदेशातल्या तज्ज्ञांनी तपासलं, कोणाला शंका आली नाही. का नाही आली?"

"त्यांच्यापैकी कोणी वेचलं नाही म्हणून, सर."

याचा त्यांना राग आला असावा, पण त्यांनी दाखवला नाही. ते म्हणाले, भावनेनं शास्त्र चालत नाही. पुरावा आण, एकेका बाईचं वेगळं वजन करून आण, मग बघू. मला वाटलं दार उघडलं. कॉलेजातले तास बुडवून मी फेब्रुवारीत नऊ दिवस गावात राहिले. आया आणि लेकी यांची गाठोडी वेगळी बांधायला लावली. बाया हसायच्या. केशरबाई म्हणाल्या, "आता लेक काय अन् माय काय, वाटे करून राहिली काय व?" पण त्यांनी केलं. बाईचे भरले सोळा, सतरा, फार तर अठरा.

सरांनी माझे कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "ही कोणती वेचणी?"

"फरदडची."

फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर उभ्या पऱ्हाटीला पुन्हा पाणी देऊन घेतलेला उरलासुरला कापूस. बोंडं बारकी, वजन कमी.

"मग याची तुलना दिवाळीच्या वेचणीशी कशी होईल? एवढं तर तुला कळायला हवं होतं," सर म्हणाले. आणि ते बरोबर होतं. माणूस बरोबर बोलून आपला गळा कसा दाबतो ते मी त्या दिवशी शिकले. फेब्रुवारीत दिवाळीचा कापूस मी आणणार कुठून? हे त्यांना पुरावा मागतानाच माहीत होतं. शेतकऱ्याच्या पोटचा माणूस तो, भातकुली तालुक्यातला. फरदड त्याला ठाऊक नाही असं होईल?

त्याच महिन्यात अरीबाच्या शाळेतून अम्मीला बोलावणं आलं. हजेरी भरत नाही म्हणाले. नववीच्या परीक्षेला बसवणार नाहीत.

मग मी सरांना न विचारता समितीला पत्र लिहिलं. चार पानी, सगळं खरं, खाली माझी सही. आठ दिवसांनी सरांनी मला खोलीत बोलावलं, तेव्हा ते समितीतल्या कोणाशी तरी फोनवर होते. माझ्याकडे बघतच बोलत होते. "हो हो, माझीच विद्यार्थिनी आहे. हुशार आहे, पण घरच्या परिस्थितीमुळे जरा भावनिक झाली. नाही, निबंधात काही गडबड नाही. तुम्ही निश्चिंत राहा." फोन ठेवून ते मला चहा घेतेस का म्हणाले. ते ओरडले असते तर मी भांडले असते. चहा समोर आल्यावर माणसाला भांडता येत नाही.

"तुझा प्रबंध मेमध्ये सादर करू," ते म्हणाले. "माझ्या सहीपायी काही अडणार नाही. आणि तुझ्या मुद्द्यात दम आहे, मी नाही म्हणत नाही. त्याला पत्रात कशाला वाया घालवते? त्याचा स्वतंत्र निबंध होतो. वेचणीतल्या मुलींचे न दिसणारे श्रम. शाळागळती. या विषयावर कोणाचंच काम नाही. दिवाळीनंतरच्या हंगामात आकडे गोळा करू. दुसरं नाव तुझं."

"आणि पंधरा मार्च?"

"समित्या काय, दर दोन-तीन वर्षांनी बसतात."

मी काय उत्तर दिलं ते सांगायला हवं. मी "बरं, सर" म्हणाले. मी उठून पेपरवाल्याकडे जाऊ शकत होते. पुन्हा पत्र लिहू शकत होते, बैठकीच्या दारात जाऊन उभी राहू शकत होते. पण मला पीएच. डी. हवी होती. घरात पहिल्यांदा कोणाच्या तरी नावापुढे डॉक्टर लागणार होतं, आणि त्याशिवाय मला कोणी कायम नोकरी देणार नव्हतं. नोकरी लागली की अरीबाला अमरावतीला आणीन, शिकवीन, असं मी स्वतःला सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं की नाही हे मला आजही माहीत नाही. पंधरा मार्च आला आणि गेला. माप कायम राहिलं. मेमध्ये मी प्रबंध सादर केला. त्यात काळबांडे, २००७ हा आधार नऊ ठिकाणी होता, आणि नऊही ठिकाणी तो चुकीचा आहे हे मला माहीत होतं.

सरांनी शब्द पाळला. डिसेंबरात पन्नास मुलींचे फॉर्म भरायला मला बार्शीटाकळीला पाठवलं, आणि जीपसुद्धा दिली. शाळा सोडलेल्या, वेचणीला जाणाऱ्या मुली. आदल्या वर्षी शोधाव्या लागल्या असत्या. आता एका वावरात सात सापडल्या. सतरावा फॉर्म अरीबाचा.

ती धुऱ्यावर माझ्यासमोर उकिडवी बसली. नखांभोवती बोंडाच्या टोकांनी ओरखडे आले होते. मी इतर मुलींना विचारत होते त्याच आवाजात तिला विचारायला लागले. वय, इयत्ता, दिवसाचे किलो. तिनं नीट उत्तरं दिली, चौदा, नववी, सोळा. मग प्रश्न आला, शाळा का सोडली. खाली पर्याय होते. घरची गरिबी, शाळा लांब, अभ्यासाची आवड नाही, लग्न, इतर. माझा पेन थांबला.

"काय झालं आपा? लिही ना."

मी "इतर"वर खूण केली.

"अभ्यासाची आवड नाई, असं नोको लिहू," ती म्हणाली. "बाकी काहीबी लिही."

"नाही लिहिणार."

ती माझ्या हातातला कागद उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न करत होती. "हे छापून याले किती दिवस लागते?"

"दोन वर्षं. कधी जास्त."

"अन् मंग ते माप बदलाले?"

"आणखी एक-दोन."

तिनं मनातल्या मनात बेरीज केली. तिला बोटं मोजावी लागत नाहीत, कधीच लागली नाहीत. "म्हणजे तवा मी अठराची," ती म्हणाली. "तवा काट्यावर माह्यंच नाव राहीन, अम्मीचं अलग, माह्यं अलग. मंग एका नावावर एकच बाई, तुह्या सरचा हिशोब बरोबर येईन. सरले सांग, घाई नोको करू."

टोमणा होता की नाही, तिच्या तोंडावरून कळलं नाही. तिची ओळ मागं पडली होती, ती उठायला लागली. मी तिला हात धरून खाली बसवलं आणि फॉर्मच्या तळाशी तिची सही घेतली. सही नसलेला फॉर्म सर मोजणीत धरत नाहीत.